बिनडोळ्याच्या कणग्या

मॅडम म्हणाल्या, फायबर ठरलं तर बाळाला शेडमध्ये आणता यायचं नाही, आणि मी हातातलं घमेलं तसंच धरून उभी राहिले. त्या काय ओरडून नव्हत्या म्हणाल्या. चहा पिता पिता म्हणाल्या, उद्या नळाला पाणी नाय असं शेजारीण सांगते ना, तसं. पण बाळाला आणायचं नाय म्हणजे मी पण यायचं नाय, त्याला दुसरा अर्थच नव्हता.

बाळ म्हणजे माझी मुलगी, तेव्हा सात महिन्यांची. तिच्या आधी एक मुलगा झाला होता, तो अठराव्या दिवशी गेला. मी गावाकडं होते, पेठच्या वरच्या अंगाला, त्याला सासूजवळ झोपवलं आणि धुणं घेऊन नदीवर गेले, आणि परत आले तर दारात माणसं बसलेली. कोणाची चूक नव्हती, डॉक्टर पण तसंच म्हणाला, पण तेव्हापासून माझं असं झालं का लेकरू नजरेआड गेलं का मला श्वास पुरायचा नाय. मोरीत आंघोळीला बसले तरी दार उघडं ठेवायची. चाळीतल्या बाया हसायच्या. हसू देत, त्यांची सगळी जिवंत होती.

नवरा पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकहाऊसवर गाड्या भरायला होता. मी पण लग्नानंतर दोन सीझन तिथंच घड निवडायला बसले होते. मुलगी झाल्यावर परत गेले तर मुकादम म्हणाला, आत थंड असतं, डोक्याला टोपी घालून बसायचं, लेकरू चालत नाय, बाहेर झोळी बांध. बाहेर म्हणजे जिथं टेम्पो रिव्हर्स घेतात तिथं. मी त्याच पावली घरी आले. मग नाशकात पेठ रोडला आमच्या खोलीशेजारची बाई म्हणाली, मखमलाबादच्या पुढं एक मॅडम हायत, मूर्त्या का काय करतात, त्यांना हाताखाली बाई पाहिजे, लेकरू आणलं तरी त्यांचं काय म्हणणं नाय. ते शेवटचं ऐकलं आणि मी बाकीचं काय विचारलंच नाय.

ती शेड म्हणजे पूर्वीची बेदाण्याची शेड होती. द्राक्षं वाळवायला जाळीचे एकावर एक मजले असतात तसले, चारी बाजूनं वारा, वर पत्रा. मळ्यातली बाग काढून टाकलेली, शेड तशीच राहिलेली, ती मॅडमनी भाड्यानं घेतली होती. मॅडम पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, साडीवर पुरुषी शर्ट घालायच्या आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडायच्या. पहिल्या दिवशी मी भीतभीत विचारलं, काय करायचं हाय? तर त्यांनी खडूनं फरशीवर एक आकार काढला. खाली रुंद, वर निमुळता, तोंड थोडं कललेलं.

"ही तर कणगी," मी म्हणलं.

"कणगीच. पण रिकामी."

आमच्याकडं भात, नागली ठेवायला बांबूची विणून शेणानं सारवलेली कणगी असते, माणसाएवढी. ती रिकामी असली तर घरात कोण बोलत नाय, एवढी ती वाईट गोष्ट. आणि ह्या बाईला मुद्दाम पाच रिकाम्या कणग्या करायच्या होत्या. मुंबईला एका मोठ्या हॉलमध्ये अंधारात उभ्या करायच्या, लोकांनी त्यांच्यामधून फिरायचं आणि कान लावून ऐकायचं. काय ऐकायचं ते मी विचारलं नाय. मला वाटलं, असतं एकेकाचं.

अडचण एकच होती पण ती पाच महिने पुरली. हॉल दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. म्हणजे कणगी दोन माणसांना उचलता आली पाहिजे, टेम्पोत तडकली नाय पाहिजे, आणि मॅडम म्हणायच्या, अंगाची कातडी वाटली पाहिजे, डबा वाटायला नको. हे तिन्ही एका वस्तूत बसेना.

आधी प्लास्टर केलं. पोत्याचे तुकडे प्लास्टरमध्ये बुडवायचे आणि बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर थापायचे. ते पांढरं पाणी हातावर गरम व्हायचं, मला आधी वाटलं मलाच ताप आला. छान झाली कणगी, पांढरीशुभ्र, पण उचलायला चार माणसं लागली आणि चौघांनी उचलली तर मधून भाकरीसारखी मोडली. मग कांद्याच्या जाळीच्या गोण्या आणल्या, त्या फेविकॉलमध्ये बुडवून ताणल्या. ह्या वजनाला काहीच नव्हत्या, मी एका हातानं उचलली. पण दूधवाला दारातनं बघून म्हणाला, "मॅडम, कांदे पडून गेले का काय?" आणि मॅडमनी ती कणगी तशीच मागच्या बाजूला नेऊन ठेवली, परत तिच्याकडं बघितलं नाय. मग नवऱ्यानं पॅकहाऊसमधले फाटके, भिजलेले खोके आणले, द्राक्षाचे पुठ्ठ्याचे. त्याच्या पट्ट्या चिकटवल्या. ते भाद्रपदात केलं, पाऊस चालू, आठ दिवसात कणगी कंबरेतून बसली, म्हाताऱ्या बाईसारखी, आणि आतून हिरवी बुरशी.

मला ह्या सगळ्यात लय बरं वाटायचं, हे आता सांगायला हरकत नाय. मॅडमचं बिघडायचं आणि मला बरं वाटायचं. कारण जेवढे दिवस बिघडत होतं तेवढे दिवस काम होतं, आणि मुलगी जाळीच्या खालच्या मजल्यावर गोधडीवर बसलेली मला दिसत होती, कामट्यांचे तुकडे वाजवत. मी वाकून बघितलं का दिसायची, वर बघितलं का दिसायची.

मग फायबरवाले दादा आले. ते ओझरकडचे, पूर्वी सातपूरला कुठल्या वर्कशॉपात फायबरचे साचे करायचे. एम-एटी गाडीवर पाठीमागं ड्रम बांधून आले. दादा बोलायला लय गोड आणि स्वतःवर लय खूष.

"मॅडम, इतके दिवस तुम्ही खेळत होता," ते म्हणाले. "आता काम सुरू. फायबर म्हणजे काय, तुम्ही नसाल, मी नसेल, ही वहिनी नसेल, कणगी असेल."

"आणि वजन?" मॅडम म्हणाल्या.

"वहिनी एकटी डोक्यावर घेऊन मुंबईला जाईल. काय वहिनी?"

त्यांनी ड्रमचं झाकण काढलं आणि असा वास सुटला का माझ्या डोळ्यातनं पाणी. काचेच्या धाग्यांची चटई असते ती कापली तर हवेत बारीक चमचम उडायला लागली. दादाच पुढं झाले, चेष्टा सोडून, म्हणाले, "वहिनी, लेकरू उचला. हे अंगाला लागलं तर तीन दिवस खाजतं, आणि तोंडात गेलं तर मला पाप नको." मी मुलीला घेऊन पार विहिरीपर्यंत पळत गेले. तिथनं बघितलं, त्यांनी कंबरेएवढी एक कणगी केली, दुपारपर्यंत वाळली पण. मॅडमनी ती उचलून बघितली, आपटून बघितली, तिच्यावर उभ्या राहून बघितलं. काय झालं नाय तिला. तेव्हाच त्या चहा पिताना मला ते म्हणाल्या. आणि असं पण म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत ठरवते. तोपर्यंत तुझ्या डोक्यात काही असेल तर सांग."

माझ्या डोक्यात होतं. पहिल्या प्लास्टरच्या दिवसापासून होतं. पण ते सांगायला मी भीत होते.

आमच्याकडं चैत्र-वैशाखात बोहाडा असतो. देवांची आणि राक्षसांची सोंगं गावातनं नाचवतात, तोंडाला मोठे मुखवटे बांधून. माझे मामा ते मुखवटे करतात, त्यांचे वडील पण करायचे. कागदाच्या लगद्याचे. मी मामाकडं शाळेला होते, सातवीपर्यंत, तेव्हा सगळं बघितलेलं. कागद चार दिवस भिजवायचा, कुटायचा, कुटून कुटून त्याचं लोणी करायचं. मेथी भिजवून वाटून घालायची, कडू, म्हणजे किडा धरत नाय. चिंचोके भाजून, साल काढून, दळून त्याची खळ शिजवायची, तिच्यानं असं धरतं का फेविकॉल काय धरेल. तो मुखवटा हातात घेतला तर चिमणीएवढा हलका आणि वर्षानुवर्षं तडा नाय. पण मी शहाणी झाले त्या वर्षापासून मामानं मला लगद्याला हात लावू दिला नाय. बाईनं शिवायचं नाय, देवाचं असतं. मग मी, एक लेकरू गेलेली बाई, दुसरं मांडीवर घेऊन, देवाचा लगदा एका मॅडमच्या रिकाम्या कणगीला थापणार आणि माझ्या मुलीला काय झालं तर? फायबर आलं तर ती माझ्या नजरेआड. लगदा केला तर तिच्यावर काय येईल सांगता येत नाय. दोन्हीकडनं भीती तिचीच.

तीन दिवस मी जेवले नाय धड. मग कळलं का मामा रंग आणायला नाशिकला येणार हायत. मी मुलीला काखोटीला मारून पेठ नाक्यावर जाऊन उभी राहिले. तीन एसट्या सोडल्या, चौथीतनं मामा उतरले, धोतर, टोपी, हातात पिशवी.

"काय गं पोरी, कोण मेलं?" माझं तोंड बघून म्हणाले.

"कोण नाय. मामा, सोंगाचा लगदा दुसऱ्या कशाला लावला तर चालतंय का?"

"दुसऱ्या कशाला म्हणजे?"

"कणगीला."

"कणगीला शेण लाव की. नाशकात शेण मिळंना का आता?"

मग मी सगळं सांगितलं, एका दमात, मॅडम, मुंबईचा हॉल, फायबर, वास. मामा चहाच्या टपरीवर बसले, बशीत चहा ओतला, मुलीनं त्यांची मिशी धरली ती त्यांनी सोडवली पण नाय.

"हे बघ," ते म्हणाले. "लगदा म्हणजे लगदा. कागद, मेथी, चिंचोका. त्यात देव कुठं बसायचा? देव येतो डोळ्यात. आपण डोळे सगळ्यात शेवटी काढतो का नाय? डोळे उघडले का मग त्याचं सगळं करावं लागतं, नारळ, धूप, झाकून ठेवणं. तू डोळे काढू नको. मग त्याची कणगी कर नायतर परात कर."

"आणि बाईचा हात लागला तर?"

मामा इकडं तिकडं बघून हळूच म्हणाले, "एवढा लगदा मी एकटा कुटायचो असं वाटलं काय तुला? तुझी मामी कुटायची, दार लावून. गावात बोलू नको."

मी लय हसले. किती वर्षांनी हसले असेन. मग परत विचारलं, "डोळे नाय काढले तर मुलीला काय नाय ना?" तर मामा चिडले, म्हणाले, एकदा सांगितलं ना.

दुसऱ्या दिवशी मॅडमला सांगितलं. लगद्याचं सांगितलं, डोळ्यांचं नाय सांगितलं. तीच माझी चूक. मला वाटलं कणगीला कुठले आलेत डोळे, कशाला उगीच बोला, शिकलेली माणसं हसतात.

मॅडम एकदम लहान पोरीसारख्या खूष झाल्या. तेच भिजके द्राक्षाचे खोके फाडून पिंपात घातले. मॅडम म्हणाल्या कुटायला कशाला, मिक्सर आहे, आणि घरचा मिक्सर आणून लावला तर दुसऱ्या फेऱ्यातच धूर निघाला. मग गावातनं उखळ आणलं. मी कुटायची, मॅडम चिंचोके भाजायच्या, दोन घमेली जाळले तेव्हा जमायला लागलं. दादा रोज काय तरी कारण काढून बघायला यायचे.

"मॅडम, मेथी घातली, आता लसूण-मिरचीची फोडणी द्या," ते म्हणायचे. आणि एकदा खरंच काळजीनं म्हणाले, "ही बुरशी धरणार. द्राक्षाला मारतात तसलं मोरचूद घाला चिमूटभर."

"मोरचूद नाय," मी म्हणलं. "ती तोंडात घालते सगळं."

एवढं जोरात मी त्या शेडमध्ये पहिल्यांदा बोलले. मॅडम चिंचोके हलवत राहिल्या पण मला दिसलं का त्या हसल्या. मोरचूद कोणी आणलं नाय. कडुनिंबाचा पाला उकळून ते पाणी घातलं.

कंबरेएवढी एक कणगी झाली. ती उन्हात नाय, सावलीत जाळीवर वाळवायची, सकाळ-संध्याकाळ फिरवायची, एका अंगावर ठेवली का वाकडी होते. दहा दिवस फिरवली. मग मॅडमनी फायबरची आणि लगद्याची शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही उचलल्या, सारख्याच हलक्या. दोन्हीवर पाणी ओतलं, फायबर जिंकलं. दोन्ही हातानं आपटल्या, फायबर जिंकलं. मी पदर तोंडात धरून उभी. मग मॅडमनी बोटानं टिचकी मारली. फायबर बादलीसारखं वाजलं. लगदा कसा वाजला ते सांगता येत नाय, आत कोणी झोपलेलं असेल आणि कूस बदलली तर जसं होईल तसं. मॅडमनी तिला कान लावला आणि बराच वेळ काढलाच नाय.

"हीच," त्या म्हणाल्या. "हॉलमध्ये काय पाऊस पडणार आहे?"

दादा म्हणाले, "मॅडम, मी सवडीनं ड्रम घेऊन जातो," आणि माझ्याकडं बघून, "वहिनी, जिंकलात." त्यांना काय माहीत मी काय जिंकले.

दसऱ्याच्या आधीच मोठी पहिली कणगी उभी राहिली. कामट्यांचा सांगाडा, त्याच्यावर कांद्याची गोणी ताणलेली, त्याच्यावर लगदा, बोटाएवढा जाड. बाहेरनं पुरी झाली होती, आतनं खळ-कागदाचा हात द्यायचा राहिला होता. दुपारी मी मुलीला पाजत होते तेव्हा मॅडमनी पेन्सिलनं खुणा केल्या, कटर घेतलं आणि कणगीच्या वरच्या अंगाला, आपले कान असतात त्या उंचीवर, दोन गोल भोकं पाडली. शेजारी शेजारी. वीतभर अंतर.

"दोन माणसं बाजूबाजूला उभी राहून कान लावतील," त्या म्हणाल्या. "एकटं ऐकण्यापेक्षा बरं ना?"

मी बघितलं तर कणगी माझ्याकडं बघत होती.

मुलीला पदराखाली घेतलं आणि तोंड फिरवून बसले. संध्याकाळी घरी आले तर तिचं अंग गरम. दात यायचे दिवस होते, हिरड्या सुजलेल्या, ते मला कळत होतं. नवरा पण म्हणाला, दात हायत, औषध दे. औषध दिलं. पण डोळे मिटले का ती दोन भोकं समोर. झाकलेलं नाय, नारळ नाय, धूप नाय, उघड्या डोळ्यानं ती शेडमध्ये उभी, आणि उघडले कोणी, तर माझ्याच लगद्यातनं.

सकाळी मुलीचा ताप उतरला होता तरी मी मॅडमच्या आधी शेडवर गेले. पिंपातला लगदा घेतला, खळ लावली आणि डावं भोक बुजवून टाकलं. नीट बुजवलं, आतनं गोणीचा तुकडा लावून, बाहेरनं ओला हात फिरवून. एकच डोळा राहिला म्हणजे तो डोळा नाय, भोक. मला तेवढंच सुचलं. मग मी झाडू घेऊन झाडायला लागले, कधी न झाडलेले कोपरे पण झाडले.

मॅडम आल्या. दादा पण त्याच वेळी आले, ड्रम न्यायला. मॅडमनी पिशवी ठेवली, चष्मा घातला, आणि थांबल्या.

"हे कोणी केलं?"

"उंदीर असेल," दादा म्हणाले. मग कोणी हसलं नाय म्हणून बाहेर जाऊन ड्रम बांधायला लागले.

"अगं, मी तुला विचारतेय."

मी खाली बघत उभी. मॅडमचा आवाज चढला नाय, उलट बारीक झाला. "पाच महिने मी यासाठी मरतेय. तुला नको होतं तर मला सांगायचं. आता ओल्या जागेला तडा जाईल, म्हणजे परत पहिल्यापासून." मग त्या दाराकडं वळून म्हणाल्या, "दादा, थांबा. ड्रम उतरवा. फायबरच करते. त्याला कुठेही भोक पाडलं तरी कोणाचं काही म्हणणं नसतं."

दादांनी दोरी तशीच हातात धरली. ड्रम अर्धा गाडीवर, अर्धा खाली.

मला वाटलं मुलीला उचलावं आणि जावं, जशी मुकादमापासून गेले होते. आणि पाय पण उचलला. पण मग कुठं जायचं? मी मध्येच थांबले आणि बोलायला लागले, मामाचं, मुखवट्यांचं, डोळ्यांचं, सगळं उलटंसुलटं, आणि अठराव्या दिवसाचं पण, ते मी मॅडमला कधी सांगितलं नव्हतं. रडले नाय. धाप लागली तेवढी.

मॅडम उखळावर बसल्या. "हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही हसला असता."

त्यांनी विचार केला. "हसले असते," त्या म्हणाल्या. "तुला खरंच वाटतं, भोकांमुळे ताप आला?"

"नाय माहीत. दातच असतील. पण दात असतील म्हणून मी तिकडं पाठ करून काम नाय करू शकत. माझ्यानं नाय होत."

दादा दारात उभे. मुलगी तेवढी कामटीनं जाळी वाजवत होती. मग मॅडम उठल्या, कणगीभोवती फिरल्या, परत फिरल्या.

"भोकं कुठे असली तर डोळे होत नाहीत?"

मला काय कळेना, हे रागानं विचारतात का खरं. मी पुढच्या भोकाकडं बोट केलं. "हे राहू द्या. दुसरं मागं पाडा. पाठीला डोळा कोणाला नसतो."

"म्हणजे दोन माणसं एकमेकांना दिसणारच नाहीत."

"नाय दिसणार."

मॅडमनी कटर घेतलं आणि मागच्या अंगाला भोक पाडलं. पुढं येऊन कान लावला आणि दादांना म्हणाल्या, "मागे जा आणि काहीतरी बोला, हळू." दादा गेले. मला काय ऐकू आलं नाय, पण मॅडमचा चेहरा आधी गंभीर झाला, मग त्या फुटल्याच हसायला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, ड्रम उतरवू का चढवू ते एकदा सांगा, हात अवघडला."

ड्रम चढवला. जाताना दादा मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही डेंजर आहात." पण चेष्टेत म्हणाले.

बुजवलेल्या जागेला तडा गेला नाय. मी लक्ष ठेवून होते, दिवसातनं चारदा ओलं फडकं फिरवायची, सगळ्या बाजूनं सारखी वाळली.

मग राहिला आतला हात. त्याला कणगी चार उभ्या विटांवर ठेवायची आणि खालच्या उघड्या तळातनं आत शिरायचं, उभं राहायचं, आणि वरपासून खालपर्यंत खळ आणि पातळ कागद लावत यायचं. मॅडम मापानं रुंद, त्या शिरेनात. मीच बसत होते. आणि मध्ये थांबून चालत नाय, खळ अर्धी वाळली का तिथं जोड राहतो आणि तिथनंच फाटतं.

मी मुलीला गोधडीवर बसवलं, मॅडम शेजारी कागद फाडत बसल्या. "मी आहे इथे," त्या म्हणाल्या. मी खळीचं डबडं घेऊन आत गेले.

आत मेथीचा वास आणि अंधुक उजेड. भोकातनं बघितलं तर नुसता पत्रा आणि जाळीचा वरचा मजला दिसत होता. मुलगी खाली, ती कुठनं दिसणार? ऐकू येत होती. कागद टरकन फाटला का हसत होती. मी वरच्या कडेपासून सुरुवात केली. गळ्यापर्यंत आले आणि बाहेरचा आवाज बंद झाला.

"हाय का?" मी ओरडले. आतल्या आत माझा आवाज केवढा झाला.

"आहे गं. बघतेय तुझ्याकडे. म्हणजे कणगीकडे."

परत लावायला लागले. पोटापाशी आले, परत सामसूम. माझा हात थांबला. श्वास वरच्या वर. वाटलं, खाली बसावं आणि सरपटत बाहेर जावं, जोड राहिला तर राहिला, कणगी काय परत होईल. गुडघे वाकवले पण.

"हाय का?"

"आहे. कागद खातेय, काढते तोंडातला."

मग मी खाली खाली आले, उकिडवी बसले, विटांच्या फटीतनं उजेडाची एक रेघ माझ्या पायावर होती आणि तेवढ्यात कोणाचाच आवाज नव्हता, मॅडमचा पण नाय, कागदाचा पण नाय. विचारायला तोंड उघडलं. खळ बोटावरनं गळत होती, शेवटचा हातभर भाग राहिला होता. मी तो लावला. कडेला बोट फिरवून सारखं केलं, सगळीकडनं, एका दमात, आणि मग बाहेर आले.

मुलगी मॅडमच्या मांडीवर आडवी होऊन झोपली होती. मॅडम हलत पण नव्हत्या, ती उठेल म्हणून कागद फाडणं त्यांनी बंद केलं होतं.

दुसऱ्या कणगीत शिरले तेव्हा मी एकदाच विचारलं.